मॉड्युलर अण्णा

भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, नाहीतर तिकडे आळंद आणि अफजलपूर, यांपैकी कुठल्याही गावाच्या नव्या वसाहतीत जा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर, वाळूच्या ढिगाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून जे गृहस्थ ड्रॉवर उघडण्या-मिटण्याचा व्हिडिओ बघत असतात, ते अण्णा. खरं नाव काही का असेना. ते निवृत्त मुख्याध्यापक असतात, खत-बियाण्याचे दुकानदार असतात, पतसंस्थेचे संचालक असतात, किंवा तुरीचं एखादं चांगलं वर्ष हाती लागलेले कास्तकार असतात. मुलगा पुण्यात हिंजवडीला, मुलगी बेंगळुरूला. शेताची पाहणी कानडीत, वर्तमानपत्र मराठीत, गवंड्याशी हुज्जत दखनीत. काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा, कॉलम कुठे घ्यायचे, हे सगळं त्यांनी गवंड्यावर सोडलेलं असतं. किचन मात्र स्वतःकडे ठेवलेलं असतं, आणि ते का, हाच अण्णांबद्दलचा खरा प्रश्न आहे. कारण ज्यांनी उभ्या आयुष्यात चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नाही, शेगडीची कळ कुठल्या बाजूला फिरवली की बंद होते हे ज्यांना दर वेळी बाहेरून ओरडून सांगावं लागतं, ते अण्णा आज टँडम बॉक्स किती किलो पेलतो, ७१० नंबरचं प्लायवूड पाण्यात टिकतं की ३०३ नंबरचं, ओरखडा अ‍ॅक्रिलिकवर जास्त दिसतो की लॅमिनेटवर, यावर तासभर बोलू शकतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात चार घड्यांचा एक कागद असतो. वर ठळक अक्षरांत ‘किचन : अत्यावश्यक’, खाली अठरा-वीस कलमं. पहिलं कलम आग्नेय दिशा. मग चिमणी, काचेचा चार बर्नरचा हॉब, हळूच मिटणारे ड्रॉवर, कोपऱ्यातला मॅजिक कॉर्नर, बाटल्यांचा पुलआउट, उंच पॅन्ट्री, वर उचललं जाणारं हायड्रॉलिक शटर, कपाटाखालची दिव्यांची पट्टी, दोन कप्प्यांचं सिंक आणि मध्यभागी आयलंड. “एवढं तर लागतंयच बगा,” असं म्हणून ते कागद पुन्हा घडी घालून ठेवतात. यातलं निम्मं मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटमधून आलेलं असतं, पाव हैदराबादच्या शोरूममधून, आणि उरलेलं लातूरच्या साडूच्या वास्तुशांतीत जेवणाच्या पंगतीतून उठून केलेल्या पाहणीतून. विजेची उपकरणं लिहिताना अण्णांच्या मनात कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेचे २०० फुकट युनिट असतात. ते २०० युनिट ही वरची मर्यादा आहे आणि फुकट मिळतात ते ठरलेल्या सरासरी वापराच्या हिशेबाने, हे त्यांना पहिल्या बिलाच्या दिवशी कळायचं असतं.

या यादीतली एकही वस्तू वाईट नाही. माझं म्हणणं एवढंच की ही यादी अण्णांच्या घराची नाही. वस्तू अत्यावश्यक आहे की नाही हे ठरवताना अण्णा एकच कसोटी लावतात: वास्तुशांतीला आलेला पाहुणा हिच्यासमोर थांबेल का? इथे रोज काय शिजतं, किती वाजता, किती जणांसाठी आणि कोणाच्या हातून, हा प्रश्न कागदावर येतच नाही. पुरावा हवा असेल तर घराला वळसा घालून मागे जावं. या गावांत मॉड्युलर किचन केलेली बरीचशी घरं मागच्या बाजूला आणखी एक स्वयंपाकघर वाढवतात. त्याला नकाशा नसतो, यादी नसते, वास्तुशास्त्रही नसतं. कंपाउंडची भिंत, वर पत्रा, खाली ठेंगणा ओटा, एक जुनी शेगडी, कधी एक चूल, एक नळ. पुढचं किचन अण्णांनी केलेलं असतं, मागचं आपोआप झालेलं असतं. आणि भाकरी मागे होते.

चिमणीपासून सुरुवात करू, कारण वस्तूंची सुरुवात अण्णाही तिथूनच करतात. तिच्या खोक्यावर ताशी १,२०० किंवा १,४०० घनमीटर असा आकडा छापलेला असतो आणि तो अण्णांना तोंडपाठ असतो. हा आकडा पाइप नसलेल्या मोकळ्या तोंडाचा. पाइपाला दोन कोपरे पडले आणि तो शेजाऱ्याच्या भिंतीसमोर दीड हातावर उघडला की हवेचा ओढा बराच उतरतो, आणि आग्नेय कोपरा साधण्याच्या हट्टात पाइपाला हमखास दोन कोपरे पडतात. (आग्नेयेमागे काही विचार नव्हता असं नाही. सकाळचं ऊन आत येतं, नैर्ऋत्येचा वारा धूर घराबाहेर नेतो. पण त्यासाठी घराभोवती मोकळी जागा लागते. तीन फुटांवर शेजाऱ्याची संडासाची खिडकी असेल तर वाऱ्यालाही दिशा कळत नाही.) तेही सोडून देऊ. हा ओढा नेमका कोणत्या धुरासाठी आहे ते बघू. या घरांत खरा ठसका उठतो तो येसराचे मसाले भाजताना, वर्षाच्या काळ्या तिखटासाठी सुक्या मिरच्या तेलात परतताना, ठेचा करताना, शेंगदाणे भाजताना आणि सणाला कढई चढल्यावर. ही सगळी कामं ‘नव्या किचनला वास लागंल’ या एका वाक्यावर मागे पत्र्याखाली जातात. तिथे चिमणी नाही. म्हणजे घरातलं धूर ओढणारं सर्वांत महाग यंत्र चहाच्या वाफेवर पहारा देतं, आणि मिरचीची भाजणी चालते ती जागा कलबुर्गीच्या मे महिन्यात, जेव्हा सावलीतला पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा, तापलेल्या पत्र्याखाली असते. अण्णा चिमणीचं ‘ऑटो क्लीन’ बटण पाहुण्यांना दाबून दाखवतात. साफ करण्यासारखं आत काहीच नसल्यामुळे ते दर वेळी उत्तम चालतं.

भाकरीचा पुरावा याहून भक्कम आहे. ज्वारीच्या पिठात गव्हाचा चिवटपणा नसतो, त्यात ग्लूटेनच नसतं. ते ऊन पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेने रगडावं लागतं आणि मग परातीत थापावं लागतं. या कामात बोटांपेक्षा खांद्याचं वजन जास्त लागतं. आता कॅटलॉगमधला ओटा ३४ इंचांचा, म्हणजे ८६ सेंटिमीटरचा. पाच फूट उंचीची बाई उभी राहिली की तिचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येतं. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाला ओटा कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असला की भागतं, पण जोर लावून करायच्या कामाला तो पंधरापासून चाळीस सेंटिमीटरपर्यंत खाली हवा, असं शरीराच्या मापांचा अभ्यास करणारं शास्त्र सांगतं. त्यात परातीचे काठ वर. म्हणजे अण्णांच्या बायकोने, काकूंनी, या ओट्यावर भाकरी थापायची तर खांदे कानांना लावूनच. दोन चपात्यांपुरतं हे जमतं. घरात मजूर जेवायचे असतील आणि पंधरा-वीस भाकऱ्या करायच्या असतील तर जमत नाही. पुन्हा काचेच्या हॉबवर मोठा लोखंडी तवा मांडला की शेजारचा बर्नर झाकला जातो. भाकरी फुगवायला जाळावर धरली की पीठ काचेवर गळून करपतं. आणि कडक भाकरी करायची तर ती तव्याच्या धगीला कितीतरी वेळ टेकवून ठेवावी लागते, तेवढा वेळ अण्णा काच तडकेल म्हणून दारात उभे राहतात. म्हणून काकू मागे जाऊन खाली बसतात. अण्णा पाहुण्यांना सांगतात, “काय करायचं, तिला जुन्या सवयी सुटंनात.” सवय सुटत नाही हे खरं, पण ती सवय हाडांच्या लांबीवर बेतलेली आहे.

उंच पॅन्ट्रीत एकेक किलोच्या काचेच्या बरण्या असतात आणि त्यांच्यावर छापील चिठ्ठ्या असतात: ओट्स, पास्ता, रेड राइस. बरण्या रिकाम्या असतात, पण दार उघडलं की आतला दिवा लागतो. हे ज्या मुलखात घडतं त्याच्या तुरीच्या डाळीला ‘गुलबर्गा तूरडाळ’ म्हणून २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. इथे डाळ पुड्याने येत नाही. घरची तूर भरडून पोत्याने येते. ज्वारी क्विंटलने येते. चिंच, गूळ, ब्याडगी मिरची, कुरडया-सांडग्यांचे पत्र्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, हे सगळं वर्षाचं असतं. जुन्या माळवदाच्या घरांनी याचा विचार आधी केला आणि मग माणसं कुठे झोपतील ते बघितलं. पेव होतं, बळद होतं, कणगी होती, उतरंड होती. अण्णांच्या यादीत पोत्याला जागा नाही, कारण पोतं कोणत्याच कॅटलॉगमध्ये नसतं आणि ज्याला हळूच मिटणारं दार बसत नाही ते यादीत येऊ शकत नाही. मग पोती जातात जिन्याखाली. जिन्याखालची ती तिरकी, अंधारी जागा ही या घरांची खरी पॅन्ट्री. तिथे वाकून शिरावं लागतं, पाठमोरं बाहेर यावं लागतं, आणि उंदराला मात्र पूर्ण उभं राहता येतं.

पाण्याचं थोडक्यात सांगता येईल. नळ रोज येत नाही तिथे पिण्याचं पाणी गावच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावरून वीस लिटरच्या कॅनने येतं. तो कॅन ठेवायला गुडघ्याच्या उंचीची दगडी पायरी दाराजवळ हवी. तिथे बाटल्यांचा पुलआउट आलेला असतो. दोन कप्प्यांच्या सिंकमध्ये दोन्ही कप्पे एवढे लहान होतात की भाकरीची परात कुठल्याच कप्प्यात आडवी बसत नाही. ती मागच्या नळाखाली जाते. तिच्यामागून कढई जाते, मग भगोणं. सिंक चहाच्या कपांपुरतं उरतं.

इथवर वाचून अण्णा एक बिनतोड आक्षेप घेऊ शकतात, आणि तो त्यांच्या वतीने मीच मांडतो. ज्याने स्वयंपाक केला नाही त्याने किचन आखू नये असा कुठे नियम आहे? आजच्या सगळ्या बसत्या-जुळत्या किचनांची आजी मानली जाते ती ‘फ्रँकफर्ट किचन’. व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी ती १९२६ मध्ये आखली. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची चिंचोळी खोली, आणि फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींत ती सुमारे दहा हजार घरांत बसली. या बाईंनी पुढे स्वतःच सांगून टाकलं की तोवर आपण कधी स्वयंपाक केला नव्हता. अण्णांनी हा दाखला हातात घेतला तर माझा अर्धा लेख कोसळायला हवा. तो कोसळत नाही, कारण त्या बाईंना येत नव्हतं ते त्यांनी बघून आणि मोजून घेतलं. काम करणारी बाई ओट्यापासून सिंकपर्यंत किती पावलं टाकते, हात कुठवर पोचतो, एकेका कामाला किती वेळ जातो, अशी घड्याळ लावून केलेली मोजणी त्या आखणीच्या मुळाशी होती. अण्णाही मोजतात. टेप त्यांच्या हातात सतत असतो. पण ते भिंत मोजतात, खिडकी मोजतात, फ्रिजची जागा मोजतात. ज्या बाईसाठी हे चाललं आहे तिची कोपरापर्यंतची उंची तेवढी त्या टेपने कधी मोजलेली नसते. आणि फ्रँकफर्टच्या त्या किचनलाही पुढे नावं ठेवली गेलीच, कारण ती एकाच बाईला एकटीला आत कोंडणारी होती. आपल्याकडे पुरण वाटायला जाऊ, शेजारीण आणि नणंद अशा तिघी बसतात. त्यांच्या सहा गुडघ्यांचा हिशेब फ्रँकफर्टनेही केलेला नव्हता आणि अण्णांनीही केलेला नाही.

दुसरा आक्षेप सुनांच्या बाजूने येतो आणि तो जास्त न्याय्य आहे. मागच्या पत्र्याखालचं एवढं कौतुक कशाला? उभ्याने काम करता येणं ही लहान गोष्ट आहे का? चूल फुंकून डोळे गेलेल्या बायका या गावांनी कमी बघितल्या का? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरगुती चुली-इंधनांच्या धुराने २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं दगावली. हे सगळं मान्य. चूल, जातं आणि पाटा-वरवंटा परत आणा असं म्हणणारे लोक बहुधा गरम भाकरीच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असतात, आणि त्यांच्या कौतुकाला मी किंमत देत नाही. पण सुनेची यादी अण्णांच्या यादीशी ताडून बघा. ती शाळेत शिकवते, नाहीतर बँकेत किंवा आरोग्य केंद्रात आहे. तिला साडेआठला निघायचं आहे. तिला ओट्यावर मिक्सर, कुकर आणि किटली एकाच वेळी चालतील अशी तीन बटणं हवी आहेत. तिला खिडकी हवी आहे. तिला शिडीशिवाय हाताला येणारी कपाटं हवी आहेत, आणि चुलत सासऱ्यांसमोरून न जाता मागच्या दाराने कचरा टाकता यावा अशी वाट हवी आहे. यातलं काहीही महाग नाही, आणि बहुतेक त्यामुळेच ते राहून जातं. राहिला प्रश्न भाकरीचा. कडक भाकरी आता विकत मिळते हे खरं. कलबुर्गीत, सोलापुरात बचतगटांच्या बायका त्या थप्प्यांनी विकतात, आणि रोज थापणं कुणाला नको असेल तर तिने खुशाल विकत आणाव्यात. तसं ठरलं असेल तर ठेंगण्या ओट्याची गरज नाही, हे मी लगेच कबूल करतो. पण अण्णांच्या घरात तसं ठरलेलं नसतं. अण्णांना विकतची भाकरी चालत नाही. त्यांना मऊ, पापुद्रा सुटलेली, तव्यावरून थेट ताटात आलेली लागते. मॉड्युलर किचन आणि हातची भाकरी या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच घरात हव्या असतात, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर दिवसातून वीस वेळा काकू चालतात.

तिसरा आक्षेप दिखाव्याचा. माणूस आयुष्यात एकदा घर बांधतो. चार लोकांनी बघावं असं त्याला वाटलं तर बिघडलं कुठे? काहीच नाही. घराची शोभा हीसुद्धा गरज आहे, मुलामुलींची लग्नं ठरायची असतील तर फारच. पण या मातीत पाहुण्याचा मान ठेवायची एक जुनी रीत आहे आणि ती अण्णांच्या यादीशी जुळत नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात कायक (श्रम) आणि दासोह (अन्नदान) यांची जोडी होती. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांचं नाव आजही दासोहासाठीच घेतलं जातं. अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापुरात रोज दुपारी माधुकरी मागितली जाते आणि दिली जाते. इथल्या स्वयंपाकघराची परीक्षा ते कसं दिसतं याची नसून चारांचा स्वयंपाक ऐनवेळी चाळिसांचा होऊ शकतो का याची आहे. ती परीक्षा दरवर्षी येळवशीला होते. मार्गशीर्ष अमावस्येच्या आदल्या रात्री भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खिचडा, एवढ्याचा पसारा मांडायचा असतो आणि सकाळी शेतावर सगळं गणगोत जेवायला घालायचं असतं. त्या रात्री आयलंडचा उपयोग काय होतो? त्याला वळसा घालावा लागतो. एरवी त्याच्यावर वीजबिल, लग्नपत्रिका, हेल्मेट आणि चार्जिंगला लावलेले तीन मोबाइल असतात. शेजारच्या उंच स्टुलांवर आजी चढू शकत नाही आणि अण्णा बसत नाहीत. ते सकाळचा चुरमुऱ्यांचा सुशीला पडवीतच खातात, पेपरासह.

दिखाव्याचंच बोलायचं तर आणखी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. चितापूर, शहाबाद, सेडमच्या खाणींतून निघणारी शहाबादी फरशी महाराष्ट्रातल्या वाड्यांत, शाळांत, फलाटांवर पिढ्यान्‌पिढ्या अंथरली गेली. दगडाचे थर निसर्गतःच सुटे होतात, ती उन्हाळ्यात पायाला गार लागते, घासली की गुळगुळीत होते. आज पुण्यातले हौशी लोक बंगल्याला ‘मातीचा स्पर्श’ हवा म्हणून ती मुद्दाम मागवतात. आणि जिथून ती निघते तिथले अण्णा गुजरातहून मोरबीच्या चकचकीत टाइल्स आणतात, ज्यांच्यावर पाणी सांडलं की काकू जपून चालतात. स्वयंपाकाच्या ओट्यावर शहाबादी नको हे मी मानतो. तो चुनखडीचा दगड आहे, लिंबू आणि चिंचेने त्याच्यावर डाग उमटतात, तिथे काळा ग्रॅनाइटच बरा. पण पायाखाली? तिथे अण्णांचं एकच उत्तर असतं: “शहाबादी तर गोठ्यात असतीय की हो.”

शेवटचा आक्षेप अण्णा स्वतः घेतात, थोडे दुखावून. “मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, करा कसं बी.” हे खोटं नाही. पण विचारलं काय होतं? दोन रंगांच्या चकत्या पुढे धरून ‘हा का तो’ एवढंच विचारलं होतं, तेही सुताराला फोनवर थांबवून ठेवून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख केलं आहे. कर्नाटक सरकार २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार रुपये कुटुंबप्रमुख बाईच्याच खात्यात टाकतं. दिल्लीला आणि बेंगळुरूला जे मान्य झालं ते किचनच्या नकाशावर यायचं आहे. तिथे प्रमुखाचं पद अण्णांकडेच आहे आणि काकू सल्लागार आहेत, तेही रंगापुरत्या. तुला काय पाहिजे, असं विचारलं तर ज्या बाईने चाळीस वर्षं जे होतं त्यात भागवलं तिला पटकन उत्तर सुचणार नाही. त्याऐवजी एक दिवस पहाटेपासून नुसतं बघत बसलं, ती कितीदा वाकते, कितीदा बाहेर जाते, कोणतं भांडं कुठे टेकवते आणि टेकवायला जागा न मिळाल्याने हातातच धरते, हे टिपलं, तर अठरा कलमांची यादी आपोआप होईल, आणि तिच्यात हायड्रॉलिक शटर असेलच तर ते अठरावं असेल.

हे सगळं एका माणसाला मात्र ठाऊक असतं. तो म्हणजे गवंडी. त्याने याच वसाहतीत अशी बरीच घरं उभी केलेली असतात, आणि कोणत्या घराला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणं येतं हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. म्हणून तो वाद घालत नाही. प्लंबरला सांगून मागच्या भिंतीत पाण्याची एक लाइन आधीच काढून ठेवतो, पार्किंगमधून उरलेल्या शहाबादीच्या तीन लाद्या बाजूला लावतो, दोन फूट उंचीचा ओटा बांधतो, त्याला मोरीकडे उतार देतो आणि वर पत्र्याऐवजी स्लॅबचाच हातभर छज्जा वाढवून घेतो, म्हणजे धूर निघून जाईल आणि डोकं तापणार नाही. हे काम दीड दिवसाचं, अण्णा हैदराबादला हॉब बघायला गेलेले असताना होऊन जातं. मग हिशेबाचा दिवस येतो. मॅजिक कॉर्नरच्या आकड्यावरून अण्णांची नजर सरळ पुढे जाते. चिमणीला ते हसून मान डोलावतात. आयलंडच्या रकमेवर तर हरकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. तळाशी एक ओळ असते: ‘जादा काम, मागचा ओटा, नळासहित.’ अख्ख्या कागदावरची ही सर्वांत लहान रक्कम. अण्णा चष्मा पुसतात, त्या ओळीभोवती लाल पेनने गोल काढतात आणि विचारतात, “हे कुणी सांगितलं होतं रे तुला?” गवंडी मागच्या दाराकडे बघतो. तिथून पीठ थापल्याचा आवाज येत असतो. “काकूंनी,” तो म्हणतो. अण्णा थोडा वेळ थांबतात आणि त्या ओळीतले निम्मे पैसे कापतात.